नमुना चुकला की तपासणी चुकली



या पानावर आपण आजवर बेणे प्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन, पाचटाची कुट्टी असे विषय वाचत आलात. या खेपेस आम्ही रक्त काढण्याच्या शिक्षणाविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याच्या माणसाने हा विषय कशाला हाती घेतला, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. त्याचे कारण असे की, बारावीचे निकाल लागल्यापासून मिरजगाव गटात आडसाली लागणीच्या नोंदी घ्यायला बसलो की दर चार-पाच सभासदांमागे एक जण नोंद झाली तरी जागचा उठत नाही. मग हळूच विषय निघतो, "साहेब, पोराचं पुढं काय करावं?"

एका सभासदांनी तर छापील पत्रकच आमच्यापुढे ठेवले. 'फ्लेबॉटॉमी टेक्निशियन व्हा, अल्पावधीत हमखास नोकरी' असे त्यावर ठळक अक्षरांत होते. ते म्हणाले, "पोरगी बारावी सायन्स झाली, मार्क बेताचे पडले. दोन पोरांत मिळून पाच एकर रान, त्यातही आवर्तन वेळेवर आलं तर ऊस. हिच्या हाताला काहीतरी पाहिजे. रक्त काढायची नोकरी लागते म्हणतात. उसाच्या बिलातनं पैसे भरू का?"

आम्ही म्हटले, "अण्णा, आठ दिवस थांबा. चौकशी करतो, मग बोलू."

ती चौकशी केली. विषय वाटला होता त्याहून मोठा निघाला, आणि असे पत्रक एकाच घरी आलेले नसणार म्हणून सर्वांसाठीच लिहीत आहोत.

प्रथम त्या जड नावाचा उलगडा करू. फ्लेबॉटॉमी हा मूळ ग्रीक शब्द. शीर आणि छेद या दोन शब्दांपासून तो झाला आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शिरावेध आहे, रक्तमोक्षण आहे. तुंबडी लावणारे आणि जळवा लावणारे आपल्यातल्या जुन्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. तो सगळा कारभार दूषित रक्त काढून टाकण्याचा होता. आजचा फ्लेबॉटॉमिस्ट रक्त काढतो ते तपासणीसाठी, चार-दोन मिलिलिटर. तो रोग सांगत नाही, औषध देत नाही, रिपोर्टवर सहीही करीत नाही. योग्य माणसाचे, योग्य वेळी, योग्य नळीत रक्त घेऊन ते नीट प्रयोगशाळेत पोचविणे एवढेच त्याचे काम. ऐकायला हे अगदी किरकोळ वाटते.

आता आपल्या शेतातले उदाहरण घ्या. माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यावा, हे आम्ही दर चर्चासत्रात सांगतो. बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको, खताच्या ढिगाच्या जागेची नको. शेतात आठ-दहा ठिकाणी नांगरटीइतका खोल खड्डा घ्या, त्या सगळ्या ठिकाणची माती एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे करीत अर्धा किलो राखा. तरीही एखादे सभासद घाईघाईत उकिरड्याकडची ओंजळभर माती पिशवीत भरून देतात. प्रयोगशाळेचे यंत्र कितीही भारी असो, ते त्या ओंजळीचेच परीक्षण करणार. अहवालात स्फुरद भरपूर असल्याचे येते आणि शेतात ऊस पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, माती परीक्षण खोटे असते.

रक्ताचेही तसेच आहे. प्रयोगशाळांच्या कामातल्या चुकांचा जगभर अभ्यास झाला आहे. त्यात असे दिसते की, यंत्रावर होणाऱ्या चुका थोड्या आणि नमुना यंत्रापर्यंत पोचण्याआधीच्या चुका जास्त. म्हणजे रक्त घेताना, नळीवर नाव लिहिताना, नमुना हलविताना, पाठविताना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली रक्त काढण्याची योग्य पद्धत सांगणारे स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तकच काढले. त्यातली आणि प्रयोगशाळेतल्या जाणत्या मंडळींकडून समजलेली काही कलमे येथे देतो. घरच्या कोणाचे रक्त काढताना आपणही डोळे उघडे ठेवावेत, हाही त्यात हेतू आहे.

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडे एकाच वाडीत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन-तीन सभासद असतात. म्हणून तर कारखाना बिलाला सभासद क्रमांक लावतो. शिकलेला माणूस "तुम्ही अमुकच ना?" असे विचारीत नाही. घाबरलेला रोगी कशालाही मान डोलावतो. तो म्हणतो, "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख किंवा वय सांगा," आणि चिठ्ठीशी ताडून पाहतो. नळीवर नाव लिहायचे ते रक्त घेतल्यावर, रोग्यासमोरच. आधी चार नळ्यांवर नावे लिहून खिशात ठेवली की अदलाबदल ठरलेलीच.

मग दंडाला बांधायचा रबरी पट्टा. तो टोचायच्या जागेच्या चार-पाच बोटे वर बांधायचा आणि शक्यतो मिनिटाच्या आत सोडायचा. नस सापडत नाही म्हणून पाच-पाच मिनिटे पट्टा आवळून ठेवला तर खालचे रक्त दाट होते आणि प्रथिनांसारखे आकडे फुगतात. "मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा" असे जोराजोराने करायला लावले तर पोटॅशियम वाढलेले दिसते. ते खोटे वाढलेले असते, पण डॉक्टर त्यावरून खरे औषध देऊन बसतात. स्पिरीटचा बोळा फिरविल्यावर अर्धे मिनिट वाळू द्यायचे. ओल्यावर टोचले तर आग होते, आणि रक्तपेशी फुटण्याची भीती असते ती वेगळीच. सलाईन चालू असलेल्या हातातून, सलाईनच्या वरच्या अंगाने रक्त घेतले तर तपासणी सलाईनचीच होते.

नळ्यांच्या टोपणांचे रंग शोभेसाठी नसतात. फिक्या निळ्या टोपणात सायट्रेट असते, ती रक्त गोठण्याच्या तपासणीची. त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण असते. नळी अर्धवट भरली की प्रमाण बिघडले. लाल किंवा पिवळ्या टोपणाची नळी रक्तजल वेगळे काढण्याची. जांभळ्यात ईडीटीए नावाचे क्षार असतात, त्यात हिमोग्लोबिन, पेशी आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी पाहतात. करड्या टोपणाची साखरेची. एकाच टोचणीत अनेक नळ्या भरायच्या तर क्रमही ठरलेला आहे. आधी फिकी निळी, मग लाल वा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी करडी. जांभळी आधी भरून तिच्यातले थोडेसे लाल टोपणाच्या नळीत गेले, तर पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. नळी भरल्यावर ती आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करायची. ताक घुसळल्यासारखी हलवायची नाही.

आता मिरजगावच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपले गाव नगर–सोलापूर रस्त्यावर, नगर तेथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. साध्या तपासण्या गावात होतात. पण जरा मोठी तपासणी असली की नमुना डब्यात घालून मोटारसायकलवर किंवा एस.टी.त बसतो आणि नगरला, कधी पुढे पुण्याला जातो. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, असे आम्ही सभासदांना आणि मुकादमांना दर हंगामात ओरडून सांगतो. कारण तोडलेल्या उसातली साखर बसून राहत नाही, वजन घटते आणि साखर मोडत जाते. नळीतल्या रक्तातली साखरही तशीच. रक्त शरीराबाहेर आले तरी त्यातल्या पेशी काही काळ जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीत नुसते ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के कमी होते, उन्हाळ्यात आणखी वेगाने. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर वारंवार आली तर मधुमेह धरतात. समजा एखाद्या माणसाची साखर प्रत्यक्षात १४० आहे. ते रक्त साध्या नळीत वैशाखाच्या उन्हात तीन तास फिरले, तर यंत्र १२० च्या आसपासचा आकडा दाखवील. रिपोर्ट येतो 'मधुमेह नाही'. माणूस खुशीत पेढा खातो. रोग आत वाढत राहतो, तो पायाची जखम चिघळली किंवा नजर कमी झाली की समजतो.

करड्या टोपणातले फ्लोराइड ही पेशींची खादाडी थांबविते, पण त्यालाही तास-दोन तास लागतात. म्हणून नमुना थंड ठेवायचा आणि गावातच यंत्रावर फिरवून रक्तजल लवकर वेगळे करायचे. हे ज्याला ठाऊक आहे असा एक माणूस गावात असणे आणि नसणे यात किती फरक पडतो, हे वेगळे सांगायला नको. आम्ही साखर पिकविणारी माणसे, आमच्याच रक्तातल्या साखरेचा हिशेब चुकावा, हे बरे दिसत नाही.

हंगामात आपल्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांतल्या बायाबापड्यांच्या अंगात रक्त किती आहे, कोण विचारतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पहाटे कोयता घेऊन निघणारी बाई तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासणार नाही. कोणीतरी खोपीपाशी जाऊन नमुना घेतला तरच ते होईल. तोही हात शिकलेलाच पाहिजे. राज्यात सरकारी दवाखान्यांतून मोफत तपासण्यांची महालॅब ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा नमुने गोळा करणाऱ्या अशा हातांची गरज खेड्यापर्यंत आली.

एवढे झाले कामाचे. आता शिक्षणाचे.

या कामाकडे जाण्याच्या वाटा तीन. एक, केवळ रक्तनमुना घेण्याचे काही महिन्यांचे प्रमाणपत्र. देशाच्या कौशल्य आराखड्यात फ्लेबॉटॉमिस्ट अशी स्वतंत्र भूमिका ठरविलेली आहे आणि आरोग्य क्षेत्राची कौशल्य परिषद तिची परीक्षा घेते. दुसरी, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, लोक जिला डीएमएलटी म्हणतात. ती बारावी सायन्सनंतर असते, बी.एस्सी.नंतरही असते. तिच्यात रक्त काढणे येतेच, शिवाय ते तपासणेही येते. तिसरी, पदवी. १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल पदवीचा अभ्यासक्रम आहे. तीन वर्षे शिक्षण आणि वर एक वर्ष इंटर्नशिप.

पहिली वाट जवळची म्हणून तिच्यावरच पत्रके जास्त. ती वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. खासगी प्रयोगशाळा, नमुना संकलन केंद्रे, मोठी रुग्णालये, रक्तपेढ्या येथे तिच्यावर काम मिळू शकते. पण दोन गोष्टी आधीच माहीत पाहिजेत. सरकारी प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या जागेला पदविका वा पदवी मागतात, नुसते रक्त काढण्याचे प्रमाणपत्र तेथे पुरत नाही. आणि 'पुढे स्वतःची लॅब टाका' हे जे पत्रकात छापतात, ते वाचून कोणी गाळा भाड्याने घेऊ नये. २०१७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही पाहिजे. तंत्रज्ञ कितीही हुशार असला तरी स्वतःच्या सहीने रिपोर्ट देऊ शकत नाही.

अण्णांनी आणलेल्या पत्रकावरची संस्था आम्ही स्वतः जाऊन पाहिली. नाव लिहीत नाही. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर शरीराचा तक्ता, टेबलावर रबराचा एक हात. आम्ही विचारले, "मुलं प्रत्यक्ष रोग्यांचं रक्त कुठं काढतात?" उत्तर आले, "ते नोकरी लागल्यावर शिकतात." म्हणजे आपण फी भरायची आणि शिकायचे ते रोग्यांच्या दंडावर! कोणत्या रुग्णालयाशी करार आहे, असे विचारले तर 'बोलणी चालू आहेत'. आम्ही चहा न घेताच उठलो.

रबरी हात पाहिजेच. पहिली टोचणी त्याच्यावरच व्हावी. पण रबरी हात घाबरत नाही, घेरी येऊन पडत नाही. त्याच्या शिरा म्हाताऱ्या माणसासारख्या सुईखालून सरकत नाहीत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात या कामाला सरकारी परवाना लागतो. तेथे नव्या उमेदवाराला वर्गातल्या शिक्षणाशिवाय ४० तास प्रत्यक्ष काम करावे लागते आणि त्यात किमान ५० वेळा शिरेतून व १० वेळा बोटातून यशस्वीपणे रक्त घेऊन दाखवावे लागते. आपल्या संस्थांना हा नियम लागू नाही, पण पालकांच्या हाती हे चांगले माप आहे. प्रवेशापूर्वी सरळ विचारावे, "आमची मुलगी इथून बाहेर पडेपर्यंत खऱ्या माणसांच्या शिरेतून किती वेळा रक्त काढील, कोणत्या दवाखान्यात, आणि शेजारी कोण उभं राहील?" आकडा सांगता आला नाही तर पैसे परत खिशात. प्रमाणपत्रावर कोणाची सही व शिक्का असतो, हे मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलाचे प्रमाणपत्र मागवून पाहावे. पदविकेच्या बाबतीत, ती घेतल्यावर २०११ च्या कायद्याखालच्या महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे नोंदणी होते का, हे संस्थेकडून लेखी घ्यावे. २०२१ साली संसदेनेही अशा सर्व आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे आणि प्रयोगशाळेचे काम त्यात येते. कायद्याचे बंधन वाढत जाणार हे उघड आहे. बिनमान्यतेच्या कागदावर फी घालविणे म्हणजे खात्री नसलेले बेणे लावण्यासारखे आहे. उगवते की नाही ते महिन्याने कळते आणि हंगाम गेलेला असतो.

सुई धरणाऱ्याच्या जिवाचाही विचार संस्थेने केलेला असावा. कामाला लागण्यापूर्वी कावीळ ब ची लस, पहिली, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, कारण तेव्हा सुई टोचण्याचा धोका असतो. सुई लगेच तोडून, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे, भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची. चुकून टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि लाजून लपवायचे तर मुळीच नाही. एच.आय.व्ही.पासून बचावाचे औषध लागलेच तर ते शक्य तितक्या लवकर, काही तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. हे पहिल्या आठवड्यात शिकवीत नसतील, तर अशा ठिकाणी आपले लेकरू धाडू नये.

पगाराबद्दल सभासद पहिल्यांदा विचारतात, म्हणून तेही सांगतो. सुरुवातीला तो फार नसतो. कामाची वेळ पहाटेची, कारण लोक उपाशीपोटी येतात. लहान मुले रडतात, मोठी माणसे कधी त्याहून जास्त. पण हात बसला की माणसाला मागणी राहते. अवघड नस एका टोचणीत सापडणाऱ्याचे नाव दवाखान्यात सर्वांना ठाऊक असते. अंगबळाचे हे काम नाही. सावकाशपणा, स्वच्छता आणि गोड बोलणे लागते, आणि या तिन्ही गोष्टींत आमच्या पाहण्यातल्या मुली मुलांच्या पुढे आहेत. (मुलांच्या बापांनी राग मानू नये.)

साखर कारखान्याचा आणि दवाखान्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल तर त्याने आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडे पाहावे. प्रवरेचा सहकारी कारखाना पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा केला. प्रा. धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते आणि १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. त्याच सहकारातून लोणीला रुग्णालय आले आणि १९८४ साली ग्रामीण भागात वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मोठे रुग्णालय म्हटले की मोठी प्रयोगशाळा आलीच, आणि रोज तेथे रांगेने माणसे हात पुढे करून बसतात. शिकणाऱ्याला पाहिजे ते हेच. आमचे स्पष्ट मत असे की, शंभर खाटांच्या खऱ्या रुग्णालयाला जोडलेली साधी संस्था ही वातानुकूलित वर्गाच्या संस्थेपेक्षा केव्हाही चांगली.

अण्णांनी पत्रकाचे पैसे भरले नाहीत. मुलीला घेऊन ते नगरला दोन ठिकाणी जाऊन आले. एके ठिकाणी तिला प्रयोगशाळेत अर्धा दिवस बसू दिले. रक्त पाहून घेरी येते का, हे आधीच कळलेले बरे, असे तेथल्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. मुलीला घेरी आली नाही, अण्णांना मात्र बाहेर बाकावर बसावे लागले. आता पदविकेला अर्ज करायचे ठरते आहे. ती लांबची वाट आहे, दोन हप्ते बिलाची वाट पाहावी लागेल, पण मुलीचे मन तिकडे आहे.

ज्या सभासदांकडे अशी पत्रके आली असतील त्यांनी ती, मुलाची बारावीची गुणपत्रिका आणि संस्थेने दिलेले कागद घेऊन मिरजगाव गट कार्यालयात यावे. लागणीच्या नोंदी दुपारी बारापर्यंत चालतात, त्यानंतर आम्ही कागद पाहून देऊ. येताना आडसालीच्या रानातला मातीचा नमुनाही आणावा. पिशव्या कार्यालयात मिळतील. उकिरड्याजवळची माती आणू नये.